डोंगराकडचं चाक

"हंडं आणा गं, हंडं आणा. चाकातनं पानी पडतंय."

ओरडलं कोण ते मला दिसलं नाही. मी ट्रॅक्टरच्या टायरपाशी गुडघ्यांवर बसून त्या फाटीवर दोन्ही तळवे दाबून धरले होते आणि बोटांच्या फटींतून पाणी माझ्या तोंडावर उडत होतं. काळपट, रबराचा वास मारणारं, वर्षभर ट्यूबमध्ये कोंडलेलं पाणी. रस्त्याखालच्या मोडक्या मोरीतून वर आलेला लोखंडी गज डाव्या चाकात घुसला होता. वस्तीवर टँकर येऊन चार दिवस झाले होते. बघता बघता सात-आठ बायका धावत आल्या. एकीने हंडा लावला, दुसरीने पातेलं घुसवलं, आणि एका म्हातारीने तर मला खांद्याला धरून बाजूला ओढलं.

"सरक की मुडद्या, वाया चाललंय."

मी सरकलो. त्या पाण्याने कुणी भांडीसुद्धा घासली नसती एरवी. पण जनावरं पितील म्हणून बायकांनी ते शेवटच्या थेंबापर्यंत धरलं. चाक बसत बसत रिमवर आलं तशी म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"आमची जनावरं टाचा घासाय लागल्यात, आनि तुमी चाकांत पानी भरून हिंडताय व्हय रं? लाज कशी वाटत न्हाय?"

माझी मान खाली गेली. दाजींची गेली नाही. ते सीटवरून उतरले, तंबाखूची चिमूट गालात ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "मावशे, त्ये पानी न्हाय. त्ये वजन हाय. त्येच्या जिवावर मी रोज त्या डोंगरावनं जिता खाली येतो."

"वजनच पायजे तर धोंडं बांध की."

"धोंडं वर बसत्यात. वजन बुडाला पायजे."

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा नवरा. नाव बजरंग. आम्ही दोघांनी मिळून तो छोटा ट्रॅक्टर घेतला होता. मागे खोदायचा लोखंडी हात, त्याच्या टोकाला बकेट, आणि खोदताना जमिनीवर टेकवायला दोन बाजूंना दोन पाय. त्या वर्षी आमच्या माणदेशातल्या उघड्याबोडक्या डोंगरांवर पाणी अडवायचे चर खणायचं काम निघालं होतं. मोठी मशिनं त्या उतारावर चढत नव्हती, चढली तर वळत नव्हती. आमचं ते खेळण्यासारखं यंत्र मात्र शेळीसारखं कुठेही जायचं.

पण शेळीला घसरायची भीती नसते, ट्रॅक्टरला असते. डोंगराच्या कडेने आडवं चालायचं म्हणजे एक चाक डोंगराकडे उंच, दुसरं दरीकडे खाली. मागचा लोखंडी हात जड, तो वरच्या वर डुलतो. म्हणून मागच्या दोन्ही मोठ्या चाकांत दीड-दीडशे लिटर पाणी भरून ठेवायचं. ट्रॅक्टर जॅकवर उचलायचा, चाक फिरवून वाल वर आणायचा, पिन काढून पाइप लावायचा, आणि वालमधून पाणी उलटं येईपर्यंत भरत राहायचं. वर हवा. झालं. बाहेरून बघणाऱ्याला भरलेलं चाक आणि रिकामं चाक सारखंच दिसतं.

त्याची खूण आमची आम्ही काढली होती. डोंगरावर माझं काम फक्की मारायचं. पाण्याच्या नळीने पातळी बघायची आणि मुठीतून चुना सोडत रेघ ओढत जायचं. त्या रेघेवर दाजी खणत यायचे. तर चाकात पाणी भरलं की त्याच चुन्याची एक आडवी रेघ मी टायरवर ओढायचो. रेघ असेल तर पाणी आहे. नसेल तर दाजी चावीला हात लावायचे नाहीत, मग सुपरवायझर येवो नाहीतर कलेक्टर येवो. लोक हसायचे. "बजरंगाच्या ट्रॅक्टरनं गंध लावलंय," म्हणायचे. दाजीही हसायचे, पण सकाळी निघताना दोन्ही गंधं बघितल्याशिवाय निघायचे नाहीत.

गज घुसला तो सोमवार. बुधवारी वरचे साहेब काम बघायला येणार होते. तोवर वरच्या पट्ट्यातले चर पुरे झाले नाहीत तर पुढचा सगळा डोंगर दुसऱ्याला जाणार होता. दाजींच्या घरात बाळंतीण होती. मनीषा, त्यांची एकुलती एक लेक, पहिलटकरीण. पोरगी होऊन नऊ दिवस झाले होते आणि मनीषाला दोन दिवसांपासून कणकण होती. दाजी दुपारच्या एस्टीने औषध आणायला तालुक्याला गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, "चाक बसव, भर, रेघ मार. सकाळी मी चढतो."

पंक्चरवाल्याकडून टायर-ट्यूब सांधून घेतली आणि आक्काच्या अंगणात, ट्रॅक्टर रोज जिथे उभा असायचा तिथे, चाक बसवलं. पाण्यासाठी सुपरवायझरच्या हातापाया पडलो. त्याने कामावरच्या टाकीतून एक ड्रम दिला, तोही वरून वीतभर रिकामा, आणि बजावलं, "हे चाकासाठी देतोय. दुसरीकडं गेलेलं मला कळलं तर परत तोंड दाखवू नको." पिकअपवाल्याने ड्रम आक्काच्या दारात उतरवला. मी जॅक लावला, वाल वर आणला. पिन काढायला वाकलो, तर पाठीमागे आक्का उभी.

ती नुसती ड्रमकडे बघत होती. आतून बाळाचं रडणं येत होतं, किरकिरं, दमलेलं.

"आक्का, पोरगी का रडतीया?"

"चार दिस आंगूळ न्हाय तिला. तिच्या आईलाबी न्हाय. अंगाला वास मारतुया माझ्या लेकीच्या. फडकं वलं करून पुसतीया, पर किती पुसू? घरात पेयाचं पानी तांब्याभर ऱ्हायलंय."

मी पाइप खाली ठेवला.

"ह्ये कशाला आनलंस, धना?"

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. आक्काने मला लहानपणी कडेवर घेऊन वाढवलं. पाण्याच्या खेपा घालून तिच्या टाळूवरचे केस विरळ झाले होते. तिने मागितलं असतं तर मी कदाचित नाही म्हटलं असतं. तिने मागितलं नाही.

"तुझ्यासाठीच आनलंय," मी म्हणालो.

"आनि चाकाला?"

"चाकाला दुसरा येतोय."

अर्धंच द्यायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. उरलेलं अर्धं चाकात गेलं असतं, अगदीच रिकामं राहिलं नसतं. पण हंडा भरला, घागर भरली, कळशी भरली, आणि आक्का घाईघाईने आतबाहेर करत राहिली. मनीषा दारापर्यंत येऊन उभी राहिली, पांढरीफटक, आणि माझ्याकडे बघून हसली. मग मी पाइप ड्रमच्या तळापर्यंत घातला. शेवटी ड्रम आडवा करून उरलंसुरलंही तिच्या पातेल्यात ओतलं.

दुसरा ड्रम येणार नव्हता. हे मला सांगतानाच माहीत होतं.

मग मी दाजींना खरं का सांगितलं नाही? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की आता त्याला धारच राहिलेली नाही. दाजी माणूस सोन्यासारखा, पण सासुरवाडीचं काही घ्यायचं म्हटलं की त्यांच्या अंगाला काटे फुटायचे. लग्नानंतर पहिल्या वर्षी आमच्या वडिलांनी ज्वारीचं पोतं पाठवलं, तर ते डोक्यावर घेऊन सात मैल चालत परत आणून टाकलं होतं त्यांनी. त्यात हे कामाचं पाणी, म्हणजे त्यांच्या लेखी सरळ चोरी. ते आक्काला बोलले असते, बाळंतिणीदेखत बोलले असते. डोंगर चढले नसते. बुधवारचं काम गेलं असतं. आणि त्या बायकांसमोर खाली गेलेली माझी मान अजून वर आली नव्हती. माणसं तहानेली असताना चाक पाजायचं, हे मलाच पटत नव्हतं.

दोनच दिवस. गुरुवारी टँकर आला की भरून टाकू. दोन दिवसांत काय होतंय?

मी चाकात हवा भरली, ठासून. फक्कीच्या पोत्यातून चिमूटभर चुना घेतला, थुंकीने ओला केला आणि टायरवर रेघ ओढली. हात अजिबात थरथरला नाही, हे मुद्दाम सांगतो. रोजच्यापेक्षा सरळ आली होती.

दिवेलागणीला दाजी आले. घरात भरलेले हंडे बघून त्यांनी विचारलं, "पानी कुटनं आलं?"

"टँकर आलता," आक्का चुलीपुढून म्हणाली. मान वर न करता.

दाजी माझ्याकडे वळले. "भरलं?"

"भरलं."

"रेघ?"

"मारलीया की."

"मग झालं," ते म्हणाले आणि बाळाला बघायला आत गेले.

सकाळी मी फक्कीचं पोतं घेऊन पुढे गेलो होतो. ऊन चढायच्या आत दाजी ट्रॅक्टर घेऊन वर आले. डोंगर त्यांच्या डाव्या अंगाला, दरी उजव्या. सांधलेलं चाक डोंगराकडे. म्हणजे वरचं चाक हलकं आणि खालचं जड. असावं त्याच्या बरोबर उलटं. रात्री अंथरुणावर मला हे सुचलं नव्हतं. तिथे, उतारावर उभं राहिल्यावर सुचलं.

काम असं चालायचं. पाय टेकवायचे, मागच्या सीटवर बसून हात चालवायचा, मुरूम उजवीकडे, दरीच्या बाजूला टाकत जायचं. तेवढा तुकडा झाला की पाय उचलायचे, पुढच्या सीटवर येऊन ट्रॅक्टर चार हात पुढे न्यायचा, परत पाय टेकवायचे. खरं तर पाय उचलायच्या आधी तो लोखंडी हात मध्ये आणून आवळून घ्यावा लागतो. दाजी घेत नसत. वेळ जातो म्हणून हात तसाच बाजूला ठेवून ते पाय उचलायचे. भरलेल्या चाकांवर ते खपून जायचं. हजार वेळा खपलं होतं.

मी पन्नासेक पावलं पुढे होतो. दाजींनी पहिल्यांदा पाय उचलले तेव्हा मी मागे वळून बघत होतो. डोंगराकडचं चाक जमिनीपासून वीतभर वर आलं, तसंच क्षणभर थांबलं आणि खाली बसलं.

दाजींनी खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. "जमीन भुसभुशीत हाय का रं हितं?" ते ओरडले.

तोंड उघडायची ती वेळ होती. "दाजी, उतरा," एवढे दोन शब्द. बाकीचं खाली उतरल्यावर सांगता आलं असतं, शिव्या खाता आल्या असत्या, पोतंभर शिव्या. मी तोंड उघडलंही.

"व्हय," मी म्हणालो. "जरा पोकळ हाय."

आणि वाकून चुना सोडत पुढे चालायला लागलो. मागे बघायचं नाही असं ठरवून. मुठीतून रेघ सुटत होती, ती वाकडी जात होती, आणि मी ती पायाने पुसून परत ओढत होतो.

अर्ध्या तासाने आवाज आला. मोठा नव्हता. लोखंड दगडावर घासल्याचा, आणि मग एक हुंकार, ओझं टेकवताना माणूस देतो तसा. मी वळलो तेव्हा ट्रॅक्टर उजव्या कुशीवर पडला होता. दाजी मागच्या सीटवरून फेकले गेले होते, पण पुरेसे लांब नाही. छातीपासून खाली ते दिसत नव्हते. मी जाऊन त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. डोळे उघडे होते. त्यांना काही बोलायचं होतं, पण तोंडातून रक्ताबरोबर नुसता तंबाखूचा चोथा आला. मी "दाजी, दाजी" एवढंच म्हणत राहिलो. खालच्या वस्तीवरची माणसं वर पोचेपर्यंत ते गेले होते.

इंजिन कुणीतरी बंद केलं. डोंगराकडचं चाक आभाळाकडे तोंड करून होतं, आणि त्यावर माझी रेघ. पांढरी, ठसठशीत, खालच्या वस्तीवरूनही दिसावी अशी.

हवालदाराने पंचनाम्याला तीच बघितली. "ही काय भानगड?"

"पाणी भरल्याची खूण हाय, साहेब."

"म्हणजे चाकं भरलेली होती?"

"व्हय."

त्याने लिहून घेतलं. सुपरवायझरने मान डोलावली. ड्रम त्यानेच दिला होता. कागदावर आलं, हात मध्ये न घेता पाय उचलले, चालकाचा निष्काळजीपणा. गावानेही तेच धरलं. मयतीला आलेले पाहुणे हळू आवाजात बोलत होते, "बजरंगाला घाईच फार." मी तिथेच बसलो होतो, ऐकत.

मयताला अंघोळ घालायला पाणी कुठून आणायचं, असा प्रश्न पडला. आक्काच्या घरात निघालं. सगळ्यांना नवल वाटलं. तिने स्वतः हंडा उचलून बाहेर आणून ठेवला आणि माझ्या हातात तांब्या दिला. त्या पाण्याने मी दाजींच्या अंगावरचा मुरूम धुतला.

ट्रॅक्टर मी विकला. नंतर कधी डोंगरावर गेलो नाही. आक्काला सांगायचं, असं दर वर्षी ठरवायचो आणि दर वर्षी तिच्या दारातून परतायचो. सांगायचं म्हणजे तिला काय सांगायचं? तुझ्या नवऱ्याचा जीव तुझ्या हंड्यात होता, हेच ना? माझं मन मोकळं होईल आणि ती जन्मभर त्या हंड्याकडे बघत बसेल. म्हणून गप्प राहणं हा तिच्यावरचा उपकार आहे, असं मी स्वतःला समजावत आलो. भित्र्या माणसाला कारणं सुचायला वेळ लागत नाही.

नऊ वर्षं अशी गेली. परवा दाजींचं श्राद्ध झालं. पंगती उठल्या, माणसं पांगली. आक्का आणि मी ओट्यावर बसलो होतो. समोर डोंगर. दाजींनी खणलेल्या चरांत आता गवत माजलंय, ओळीने झाडं उभी आहेत, आणि खालच्या विहिरीला उन्हाळाभर पाणी असतं. आक्का सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होती.

"धना, एक सांगू का तुला?" ती म्हणाली. "त्या दिशी सकाळी ह्यो निघाला तवा मी च्या घिऊन हितंच हुबी हुते. ह्येनं पान्यानं चाक ठोकलं. नट आवळायच्या पान्यानं. एकदा ह्ये, एकदा त्ये. मग मला म्हनला, डावं वाजतंय गं. रिकामं वाटतंय."

मी तिच्याकडे वळलो.

"मग?"

"मग वाकून तुझी रेघ बघितली. आनि हसला. म्हनला, माझंच कान फुटलं असत्याल. धनाची रेघ हाय म्हंजी पानी हाय."

तिची बोटं तांदळात फिरत होती. एक खडा तिने काढून अंगणात टाकला.

"आक्का," मी म्हणालो. "त्यो ड्रम..."

"दुसरा ड्रम आला न्हवता. मला ठावं हुतं." तिने अजून वर बघितलं नव्हतं. "तू हवा भरत हुतास तवाच कळलं मला. मी काय कुक्कुलं बाळ हाय? आनि सकाळी ह्येनं चाक ठोकलं तवा माज्या पाठीमागं चुलीवर त्याच पान्याचं आधन हुतं. मनीषा न्हाणीत बसली हुती, पोरीला मांडीवर घिऊन. एक शबूद बोलले आसते तर ह्येनं पानी उतरवाय लावलं आसतं, चाकात वतलं आसतं. पोरगी किंचाळत हुती. मला वाटलं, एवढी आंगूळ हुंदे. मग सांगू."

"मग?"

"आंगूळ झाली तवर ह्यो गेला हुता."

नऊ वर्षं मी तिला वाचवत होतो आणि ती मला. मला रडायचं होतं, पण आक्का रडत नव्हती, आणि तिच्यासमोर आधी रडायचा हक्क मला नव्हता.

आतून पावलं वाजली. मनीषाची पोर, तन्वी, परसातल्या नळाचं पाणी तांब्यात घेऊन येत होती. तांब्या काठोकाठ भरला होता आणि ती तो सांडू नये म्हणून जीभ दातांत धरून हळूहळू चालत होती.

आक्काने सूप खाली ठेवलं आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"तिला कदी कळाय नगं," ती पुटपुटली. "तिची आंगूळ हुती ती."

"आबा, पाणी," तन्वी म्हणाली.

मी तांब्या घेतला आणि सगळं पाणी प्यालो.